तुळसा भोईणीनं अडवलेला गाडा

फार वर्षं झाली. तेव्हा नदीवर पूल नव्हता आणि पूल मागावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नदीच्या अलीकडे पळसकुंड, पलीकडे जांभूळपेठ आणि मधल्या पाण्यावर तुळसा भोईणीची होडी. तिचा नवरा पुरात गेला तेव्हा गावानं तिला होडी विकायला सांगितलं होतं. तिनं होडीला डांबर फासलं आणि पुन्हा पाण्यात लोटली.

होडी हाकताना तुळसाला गप्प राहवत नसे. कुंभार बसला की ती त्याला विचारी, नव्या मडक्यात पाणी गार होतं, मग जुन्यात का होत नाही? कुंभार सांगे, जुन्याची बारीक भोकं बुजतात, पाणी बाहेर पाझरत नाही, आणि पाझरून वाळल्याशिवाय गारवा येत नाही. तुळसा म्हणे, बरं, पण असं का? मग पुढच्या खेपेला ती तेच धनगराला विचारी. धनगर म्हणे, अगं, घामेजलेल्या अंगाला वारा लागला की कसं होतं, तसंच असणार. तिसऱ्या खेपेला धनगराचं हे बोलणं कुंभाराला पोचे आणि तो तोंडात बोट घालून पलीकडचा काठ येईपर्यंत विचार करत बसे. लोक थट्टा करत, की तुळसाच्या होडीत शिदोरी नसली तरी चालेल, डोकं घरी विसरू नका. असं म्हणतात, की बोलण्याच्या नादात पुष्कळ माणसं पलीकडे उतरायचं विसरून परत अलीकडे येत.

एका उन्हाळ्यात पटकी आली. सकाळी औत धरणारा माणूस जुलाब-उलट्यांनी दुपारी आडवा व्हायचा आणि दिवस मावळताना त्याला चौघं उचलायचे. त्या मुलखात पटकीवर एकच उपाय ठाऊक होता, तो मरीआईच्या गाड्याचा. लाकडाचा लहानसा गाडा करायचा, त्यात देवीचा मुखवटा, हिरवा चुडा, लिंबं आणि कुंकू ठेवायचं. पाणवठ्याच्या वरच्या डोहात गाड्याला आंघोळ घालायची आणि दिवस मावळायच्या आत तो शिवेबाहेर, शेजारच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा. गाड्याबरोबर आई जाते, आईबरोबर रोग जातो. शेजारचं गाव मग तोच गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आपलं दार झाडून कचरा दुसऱ्याच्या दारात लोटायला माणसाला कधीच वाईट वाटलेलं नाही.

पळसकुंडाच्या शिवेवर असाच एक गाडा येऊन थांबला. गावानं पूजा केली आणि तो नदीकाठी आणला. पुढची शीव पलीकडे, म्हणजे गाडा होडीतूनच जाणार.

"तुळसे, ऊन उतरायच्या आत गाडा पल्याड टाक," पाटील म्हणाले.

तुळसाची एकुलती एक लेक, केशर, पलीकडे जांभूळपेठेत दिली होती. तिची कूस नुकतीच उजवली होती. तुळसानं गाड्याला हात जोडले. हल्ली काही जण सांगतात, की ती देवीला मानत नव्हती. काही जण सांगतात, की देवीनं तिला दृष्टांत दिला. दोन्ही थापा आहेत. ती देवीला मानत होती, म्हणून तर तिनं आधी हात जोडले. गाडा नेला तर लेक आणि नातू जाणार, आणि न नेला तर ज्या गावात ती जन्मभर राहिली ते गाव जाणार. तिला यातून वाट काढायची होती आणि वाट काढायची तिची एकच रीत होती.

तिनं विचारलं, हा गाडा आपल्या शिवेवर आणला कुणी?

कोरेगव्हाणनं, लोक म्हणाले. आणि कोरेगव्हाणला? तांबेवस्तीनं, धनगरानं सांगितलं. तांबेवस्तीला? खडकीनं. खडकीला? तिथे बोलणं अडलं. सगळ्यांना ठाऊक होतं. मागल्या खेपेस पळसकुंडानं गाडा जांभूळपेठेला धाडला होता, आणि जांभूळपेठेनं खडकीला.

गर्दीत मागून कुणीतरी हसलं. "म्हंजे आपलीच ढकलगाडी फिरून आपल्याच दारात!"

पाटलांचा चेहरा तापला. "तुझी पोर पल्याड हाय म्हणून हे सुचतंय तुला."

"व्हय पाटील. पोर हाय म्हणूनच सुचतंय," तुळसा म्हणाली. "पण खोटं हाय का, ते सांगा."

ते खोटं नव्हतं. मग ती लिंबा पोतराजाकडे वळली. गाड्याला पहिला हात त्याचा आणि शेवटचा हातही त्याचाच. रोग्यांच्या घरोघर तो फिरायचा, तरी पटकी त्याला शिवत नसे.

"लिंबादादा, तुला कसं काय होत न्हाई?"

"मी आईचा माणूस, तुळसाक्का."

"तुझा बाप बी आईचाच होता. त्यो पटकीनंच गेला ना?"

लिंबानं हातातला आसूड खाली ठेवला. त्याला हे कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं स्वतःलाही विचारलं नव्हतं. मग तो म्हणाला, की बाप गाड्याच्या दिवसांत दारू पीत असे आणि तहान लागेल तिथलं पाणी पीत असे. बाप गेल्यावर जन्मदात्या आईनं त्याच्याकडून उपास धरवला होता. तेव्हापासून त्या दिवसांत तो अन्न घेत नसे. कडुनिंबाचा पाला टाकून उकळलेलं पाणी, तेवढंच पोटात जायचं.

मग धुरपा परटीण पुढे आली. तिनं सांगितलं, की गावात जो पहिला गेला त्याचं अंथरूण तिनंच धुतलं होतं, वरच्या डोहावर, जिथं गाड्याला आंघोळ घालतात तिथंच. त्यात काय झालं, पाटील म्हणाले, वाहतं पाणी कधी बाटत नाही. लोकांनी माना डोलावल्या. तुळसानंही डोलावली. तिच्या बापानंही तिला हेच सांगितलं होतं.

पण मान डोलावून झाल्यावर ती म्हणाली, "बाटत न्हाई, पर जातं कुठं?"

तिनं गाड्यातली कुंकवाची वाटी उचलली. पोतराजाची परवानगी मागितली आणि त्यानं दिली. सगळं गाव काठाकाठानं वरच्या डोहापर्यंत चाललं. तिथे तिनं देवीचं कुंकू देवीच्याच नावानं पाण्यात सोडलं आणि सगळे त्या कुंकवाबरोबर खाली चालू लागले.

असं म्हणतात, की ते कुंकू विरघळलं नाही. लुगड्याच्या काठासारखी तांबडी रेघ पाण्यावरून सरकत राहिली. कुठल्या खडकाला ती अडली नाही, कुठल्या भोवऱ्यात फिरली नाही. असं म्हणतात, की त्या वेळी पाखरं बोलायची थांबली होती आणि गुरं मान वर करून पाहत होती. रेघ वळणावरून वळली आणि पाणवठ्यापाशी आली. आधी पाटलांच्या घाटाला लागली, मग गावाच्या आणि मग खालच्या वस्तीच्या. माणसांनी घाट वेगळे केले होते. पाण्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

पाटलांची सून घाटावर घागर भरून उभी होती. तिनं पायाशी पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, आणि भरलेली घागर वाळूत उपडी केली. त्यानंतर बायकांच्या घागरी एकामागून एक उपड्या झाल्या.

पाटील शेवटी म्हणाले, "गाडा इथं ठेवला आणि माणसं मेली, तर?"

"तर माझ्या नावानं बोटं मोडा," तुळसा म्हणाली. "पर आज पाणी उकळून प्या."

लिंबानं गाडा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि पाण्यापासून लांब, माळावर नेऊन ठेवला. मरीआईचा गाडा शिवेबाहेर न जाता गावातच राहिला, असं त्या मुलखात पहिल्यांदाच झालं. नंतरही माणसं गेली. ज्यांच्या पोटात रोग आधीच होता ती गेली, आणि त्यांच्या घरच्यांनी तुळसाच्या नावानं खरंच बोटं मोडली. मग हळूहळू नवी अंथरुणं पडायची थांबली.

पण पलीकडे जांभूळपेठेत पटकी गाड्यावाचूनच पोचली होती. पाणी दोन्ही काठांचं एकच होतं. तुळसा होडी घेऊन गेली, तर लोक दगड घेऊन काठावर उभे. पळसकुंडचं माणूस म्हणजे रोग, उतरू द्यायचं नाही. दगड पोचणार नाही आणि आवाज पोचेल, एवढ्या अंतरावर तिनं बांबू रोवून होडी उभी केली आणि भर नदीतून विचारायला लागली. पाणी कुठलं भरता? धुणं कुठं धुता? पहिलं कोण गेलं, त्याच्या घरचं पाणी कुठलं? पहिल्यांदा शिव्या आल्या. मग एका म्हातारीनं उत्तर दिलं. मग दुसऱ्यानं तिला खोडून काढलं, तिसऱ्यानं त्याला. काठावरच भांडण जुंपलं, आणि त्या भांडणातून त्यांचं त्यांनाच कळत गेलं. असं म्हणतात, की ती नुसतं विचारत राहिली. मग काठावर चुली पेटल्या आणि धूर नदीवर उतरला.

ऊन तापलं होतं. ओरडून ओरडून तिचा घसा कोरडा पडला होता. नावाड्याची जन्मभराची सवय, तहान लागली की होडीच्या कडेवरून ओंजळ बुडवायची. तिनं ओंजळ बुडवली आणि प्याली. पाणी गळ्याखाली उतरल्यावर तिला कळलं.

पुढल्या दिवशी होडी तिथेच होती आणि तुळसा तिच्यात आडवी पडली होती. केशर बाळाला जावेकडे देऊन पाण्यात शिरली, छातीएवढ्या पाण्यापर्यंत आली. तुळसानं हात वर करून तिला तिथेच थांबवलं.

"पोराला पाणी पाजतीस, ते उकळतीस का?"

"व्हय आये. उकळती."

"किती?"

"बुडबुडं मोठं येऊस्तोवर. मग झाकून ठेवती."

"वरनं गार पाणी घालतीस का त्यात?"

निवायला वेळ लागतो म्हणून केशर वरून थोडं नदीचं पाणी घालत होती. ती तशीच वळली आणि पाणी ओतून टाकायला घराकडे धावत गेली. तिची पाठ पाहतच तुळसानं डोळे मिटले. असं म्हणतात, की त्यानंतर होडीचा बांबू आपोआप सुटला, पण होडी वाहून गेली नाही. दोन्ही गावांची माणसं तिला न्यायला पाण्यात उतरेपर्यंत ती मध्येच उभी राहिली.

केशरचं पोर जगलं. त्याचा वंश अजून जांभूळपेठेत आहे.

नदीवर आता पूल आहे. पुलाजवळ तुळसाचं देऊळ बांधायचं मध्यंतरी कुणी काढलं होतं, शेंदूर लावायला दगडही आणून टाकला होता. दोन्ही गावांनी तो उचलून बांधावर टाकला. तिच्या नावानं त्या गावांमध्ये एकच गोष्ट चालते. दुसरीकडे पाहुण्यानं पाण्याबद्दल विचारलं तर यजमानाचा अपमान होतो. इथे नवी सून उंबरा ओलांडून आली की सासू तिच्या हातात पाण्याचा तांब्या देते आणि अख्खं घर वाट पाहतं. सुनेनं विचारायचं असतं, कुठलं पाणी, कसं ठेवलंय, कधी भरलंय. सासूनं एकेकाचं नीट उत्तर द्यायचं असतं. न विचारताच सून प्यायला लागली, तर सासू तांब्या काढून घेते आणि म्हणते, "आधी विचार, बाई. आमच्याकडं विचारल्याशिवाय पीत नाहीत."