शेवटी ठेवलेला लामणदिवा

एकदा एक वृद्ध पारखी एका जुन्या सरदार घराण्यातील चीजवस्तूंचा लिलाव करण्यासाठी शिष्याला घेऊन गेला. तैलचित्रे, हस्तिदंती पेट्या, जरीचे पट अशा चाळीस वस्तूंच्या यादीत पहिले नाव पितळी लामणदिव्याचे होते.

सकाळी दिवा पुसण्याचे काम शिष्याकडे आले. घरी सणाला भांडी घासतात, तशी त्याने दिव्यावरच्या हंसाला चिंच लावली. हंस लख्ख झाला आणि शिष्याला आपली चूक कळली. दोनशे वर्षांच्या ज्या काळपट झाकेसाठी एक व्यापारी दुरून येणार होता, ती पाण्याबरोबर वाहून गेली होती! घाबरून त्याने तेलात काजळी कालवून हंसाला फासली.

लिलावाच्या वेळी पारख्याने दिवा हातात घेतला, क्षणभर पाहिला आणि बाजूला ठेवला.

"हा शेवटी."

"पण गुरुजी, यादीत पहिला आहे."

"यादी माझीच ना? मीच बदलली."

व्यापारी वैतागला. "अहो, पंगत उठेपर्यंत नवरदेवाला ताटकळत ठेवताय की!"

"बसा शेठ. घाई काय?"

चित्रे गेली, पेट्या गेल्या. हातोडा पडला की शिष्य उरलेल्या वस्तू मोजी. बोललो तर गुरुजी हाकलतील. नाही बोललो तर या माणसाची फसवणूक. अखेर दिवा आला. व्यापाऱ्याने हात वर केला, तोच शिष्य ओरडला, "थांबा शेठ! ती काजळी मी फासलीय. दिवा सकाळी चिंचेनं घासला मी."

व्यापाऱ्याने बोट फिरवले. "अरे गाढवा, पितळ घासलंस की दोनशे वर्षं?"

दिवा निम्म्या किमतीला गेला. तूट पारख्याने आपल्या मोबदल्यातून घराण्याला भरून दिली.

परतताना शिष्याने खालमानेने विचारले, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"हातात घेतला तेव्हाच. बोटं काळी झाली."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. भ्यालेला माणूस पहिल्या प्रश्नाला खोटंच उत्तर देतो, आणि मग तेच सांभाळत बसतो. म्हणून तुला एकोणचाळीस वस्तूंची सवड दिली."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"तर मी बोललो असतो. शेठ तेवढ्यानं वाचले असते."

शिष्य चालता चालता थांबला. गुरुजींना आणखी कोणाला वाचवायचे होते, ते त्याला उमगले.