डोंगरावरची रांग

फार वर्षांपूर्वी करकोच्यांचा एक थवा होता. तळ्यावर उतरला, की कोण कोणाशी बोलतंय हे कळू नये इतका कलकलाट व्हायचा. त्यातल्या टिकली आणि सावळी तर एकमेकींना क्षणभर सोडत नसत.

पण बर्फाचा डोंगर ओलांडायच्या दिवशी थवा गप्प झाला आणि त्याच्या दोन रांगा झाल्या. प्रत्येकाने पुढच्याचे पंख पाहायचे आणि मागच्यासाठी वारा कापायचा. टिकली एका रांगेत आली, सावळी दुसरीत. टिकलीचा जीव सारखा तिकडे ओढ घेत होता. शेवटी न राहवून तिने मान वळवली, “सावळेऽ!”

तेवढ्यात तिच्या पंखांची लय चुकली आणि मागचा म्हातारा करकोचा भेलकांडत खाली गेला. कसाबसा वर येत तो म्हणाला, “पोरी, मला तुझाच काय तो आधार आहे गं.”

टिकलीने मान सरळ केली. मग तिने पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी पलीकडच्या तळ्यावर रांगा मोडल्या. सावळी पाणी उडवत धावत आली. “दिवसभरात माझी आठवणसुद्धा नाही आली तुला?”

“एकदाच येऊ दिली,” टिकली तिच्या मानेवर मान टाकत म्हणाली, “तर आजोबा मरता मरता वाचले.”