पाखरी अर्ध्यातून का फिरली

रायाजीराव सरदारांनी शिकारी कुत्र्यांचा वंश सुधारायचं मनावर घेतलं होतं. वाड्यासमोरच्या माळावर ससा सोडायचा, जी कुत्री मागं न बघता त्याला धरील तिचीच पिल्लं वाढवायची आणि बाकीच्या कुत्र्यांना रानात सोडून द्यायचं.

त्या दिवशी पाखरी सगळ्यांच्या पुढं होती. पण तिची पिल्लं केकाटली, तशी ती अर्ध्यातून फिरली आणि त्यांना पाजत पडली.

"हिला रानात सोडा. असलीनं वंश चालत नाही," सरदार म्हणाले.

दात येणाऱ्या लेकाला खांद्यावर घेऊन सरदारांच्या पत्नी सगुणाबाई ओसरीवर फेऱ्या घालत होत्या. रात्री डोळ्याला डोळा नव्हता. बोलायचंही त्राण नव्हतं, तरी थांबल्या.

"सरकार, आपण तान्हे होता. बाळ रडतंय असा निरोप आला, तर आईसाहेबांनी दसऱ्याच्या मिरवणुकीतून मेणा माघारी फिरवला. दर दसऱ्याला आपणच कौतुकानं सांगता."

"मग?"

"मग काही नाही. आपला वंश कसा चालला, तेवढं पाखरीला सांगा आणि सोडा तिला रानात."

सरदारांचा मिशीवरचा हात खाली आला.

"हिला दूधभाकरी घाला," ते हळूच नोकराला म्हणाले.

सगुणाबाईंनी लेक सरदारांच्या हातात दिला आणि भिंतीला पाठ टेकली. त्यांचा तिथंच डोळा लागला.