भागूबाईंचं इंजिन आणि सभापतींचा बर्फ

तांबडमाळच्या भागूबाई पांचाळांनी पत्र्याची पिंपं जोडून हत्तीएवढं इंजिन उभं केलं होतं. एका टोकाखाली काटक्यांचा जाळ केला की आतली हवा फुगे, दुसऱ्या टोकाला निवली की आकसे. त्या जोरावर ओढ्याचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढे. गावाला त्याचा कोण अभिमान!

सभापती रणनवऱ्यांच्या मेहुण्याचं मात्र डिझेल पंपांचं दुकान होतं. वैशाखातल्या भर दुपारी सभापती मोटारीतून आले. सोबत सरबतासाठी बर्फाची लादी. आल्याआल्या त्यांनी जाळावर घागर ओतली.

"आता जाळाशिवाय पाणी चढवा, बाई! नाहीतर हे धूड भंगारात."

भागूबाईंनी पदर खोचला. इंजिनाचं एक टोक उन्हात पोळत होतंच; दुसऱ्या टोकावर त्यांनी ती लादीच नेऊन ठेवली. चाक कुरकुरलं, फिरलं आणि टाकीत धार पडली.

"अहो, पण जाळ कुठाय?" सभापती ओरडले.

"जाळाचं काय घेऊन बसलात, साहेब! एक अंग तापलेलं, दुसरं गार, एवढं त्याला पुरतं. उन्हाला आमच्याकडे तोटा नाही. गारवा तेवढा तुम्ही आणलात."

त्या दिवशी सभापती सरबत कोमटच प्यायले, तेही त्याच टाकीतल्या पाण्याचं.