खंड्याचं गावतळं

फार जुनी गोष्ट सांगतो. डोंगरापलीकडच्या गुरुकुलात शिकायला जायचं, तर सगळ्या पाखरांना एकच परीक्षा असे: वाहत्या नदीत, ठरलेल्या वेळात मासे धरायचे. आपला खंड्याही रोज तयारी करी, पण गावतळ्याच्या संथ पाण्यात. तिथे त्याचा नेम चुकतच नसे.

“अरे, नदीवर जा की!” टिटवीमावशी म्हणे.

“तिथे चुकतं गं मावशी. इथे बघ, कशी झकास तयारी चाललीय!”

परीक्षेच्या दिवशी तो सूर मारी, तोवर मासा प्रवाहाबरोबर पुढे गेलेला असे. वेळ सरली तेव्हा कुठे त्याला उमगलं, की नेम माशाच्या जरा पुढे धरायचा. लगेच सूर मारला, आणि मासा चोचीत!

“मावशी, जमलं गं!”

टिटवीने आभाळाकडे पाहिलं. निवडलेली पाखरं घेऊन गुरुजी डोंगराकडे उडालेही होते.