राजाच्या जिभेवरचा नाइस

एका राज्यात वज्रसेन राजा आणि इंदुलेखा राणी राहत होती. राज्य सुखी, विहिरी भरलेल्या. पण राजवाड्याला एक पिढीजात खोड होती. तिथे 'ठाऊक नाही' असं कुणी म्हणत नसे. म्हटलं की अब्रू गेली.

एके दिवशी दरबारात धूमकेश मांत्रिक आला. हातात चांदीची डबी.

"महाराज, सातासमुद्रापारचा इंग्रजी शब्द आणलाय. 'नाइस'. तिकडचे टोपीकर उठता-बसता हाच वापरतात. अर्थ आपल्याला ठाऊक असेलच?"

"नसायला काय झालं?" राजा म्हणाला.

राणीनंही मान डोलावली. नुसती डोलावली नाही, मागच्या दासींना हलक्या आवाजात अर्थ समजावूनही सांगितला. कुठला सांगितला, ते तिचं तिला माहीत.

डबी उघडली. शब्द टुणकन उडाला आणि राजाच्या जिभेवर बसला, तो बसलाच. त्या दिवसापासून राजाच्या तोंडून दुसरं काही निघेना.

"महाराज, माझा बैल चोरीला गेला."

"नाइस."

"महाराज, आमटी खारट झालीय का हो?"

"नाइस."

लिहायला बसवलं तर बोरूही तेच लिही. मान हलवली तर वरखालीच हले, आडवी म्हणून होईना.

धूमकेश पुन्हा आला. "महाराज, आपले हत्ती मला द्याल?" "नाइस." हत्ती गेले. आणखी एकदा आला. "धान्याची कोठारं?" "नाइस." कोठारं गेली. जाताना म्हणाला, "पौर्णिमेला राजकन्येला मागणी घालायला येतो."

राजकन्या कलहंसी आईकडे आली. "आईसाहेब, बाबा काय म्हणणार ते ठरलेलंच आहे. मी आत्ता रडू की पौर्णिमेला?"

"पौर्णिमेला," राणी म्हणाली. "तोवर मी काही करते."

राजवाड्यामागच्या उंबरावर एक म्हातारा धनेश पक्षी बसे. तो माणसासारखा बोले. त्याचं कुणाला नवल नव्हतं, फार बोलतो एवढीच तक्रार होती. राणी त्याच्याकडे गेली.

"राणीसाहेब, चिकटलेला शब्द ओढून निघत नाही," धनेश म्हणाला. "नदीसारखा त्यालाही उगम असतो. तिथला अर्थ आणा, मगच तो सुटेल. वाटेत दोन घाट लागतील. बसा पाठीवर."

"माझा भार पेलेल का रे?"

"लग्न होऊन आलात तेव्हा सहज पेलला असता. बसा."

सात समुद्र ओलांडून ती पहिल्या घाटावर उतरली. तिथे एक राक्षस सोनाराचा तराजू घेऊन बसला होता.

"इथे या शब्दाचा अर्थ नेमका, काटेकोर," तो म्हणाला. "हे दोन दवाचे थेंब. आधी कुठला पडला?"

राणीनं वाकून पाहिलं. एका थेंबात सूर्य होता, दुसऱ्यात अजून चांदणी. "चांदणीचा आधी."

"जा पुढे."

दुसऱ्या घाटावर सोन्याच्या पाटावर एक यक्षीण बसली होती. "इथे अर्थ नखरेल, चोखंदळ. मला आवडेल असं वाढ."

राणीनं श्रीखंड वाढलं. यक्षिणीनं नाक मुरडलं. पुरणपोळी वाढली. तोंड फिरवलं. राणीनं मुलगी वाढवली होती, तिला हे नवं नव्हतं. तिनं एका ताटात मऊ भात घेतला, वर तूप, कडेला लिंबाचं लोणचं, आणि स्वतःच जेवायला बसली.

"मला विचारलंही नाहीस?"

"तुम्हाला नाही आवडायचं."

यक्षिणीनं ताट ओढून घेतलं.

उगमापाशी एक झरा होता आणि काठावर कासव. कासवानं विचारलं, "या झऱ्याच्या तळाशी काय आहे?"

"माणकं," राणी म्हणाली. पाणी गढूळ झालं.

"मग शेवाळ." पाणी काळं झालं.

"एक दगड. बहुधा गोल." पाण्याला वास येऊ लागला. धनेशानं घसा खाकरला.

राणीचे कान तापले. "ठाऊक नाही," ती पुटपुटली.

"मोठ्यानं."

"ठाऊक नाही! आणि त्या दिवशी दरबारातही ठाऊक नव्हतं!"

पाणी आरशासारखं निवळलं. कासव म्हणालं, "इथे या शब्दाचा अर्थ अजाण. ज्याला कळत नाही तो. अजाणाचा झाला मूर्ख, मग नखरेल, मग नेमका, आणि मग छान."

"मूर्खाचा छान कसा होतो?"

"शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी फिरलं की काहीही होतं, बाई. ज्याच्या जिभेवर तो बसलाय त्यानं आपलं अजाणपण कबूल केलं, की उतरेल."

राणी परतली तेव्हा पौर्णिमा होती आणि दरबार भरला होता. धूमकेश विचारत होता, "महाराज, राजकन्या मला द्याल?"

राजानं तोंड उघडलं.

"थांबा," राणी म्हणाली. "महाराज, ती डबी उघडली तेव्हा आपल्याला अर्थ ठाऊक होता?"

दरबार गारठला. राजाची मान सवयीनं खाली जाऊ लागली.

"मला नव्हता," राणी मोठ्यानं म्हणाली. "दासींना सांगितला तो मनचा होता."

"वाटलंच होतं," एक दासी म्हणाली.

राजानं राणीकडे पाहिलं, मग लेकीकडे. ती डोळे पुसत होती. राजानं दात आवळले. जुन्या दारासारखी मान करकरली, डावीकडे वळली, मग उजवीकडे. नाही. ठाऊक नव्हता.

शब्द जिभेवरून गळून पडला. तिळाएवढा होता.

"धूमकेशा," राजा म्हणाला. आवाज घोगरा होता, पण त्याचा स्वतःचा होता. "माझ्या लेकीला मागायचं तर तिला विचार."

"नाही," कलहंसी म्हणाली.

दुसऱ्यांच्या माना डोलण्यावरच मांत्रिकाची विद्या उभी होती. तो तिथल्या तिथे विरळ झाला आणि धुरासारखा झरोक्यातून निघून गेला. हत्ती आपल्या पायांनी घरी आले. कोठारं भरली. बैलवाल्याची फिर्याद नव्यानं ऐकली गेली.

दरबार उठल्यावर राजा राणीजवळ येऊन बसला. "आता सांग, तो शब्द होता तरी काय?"

राणीनं पाय दुमडले आणि सुरुवातीपासून सांगू लागली. राजा ऐकत राहिला, आणि अडलं की लहान पोरासारखा "म्हणजे?" विचारत राहिला. त्यांच्या घरी जसं सुख परतलं, तसं ऐकणाऱ्यांच्या घरीही परतो.