येसू गुरवाचा दम

फार जुनी गोष्ट. कबड्डीला तेव्हा आपल्याकडे हुतुतूच म्हणायचे, आणि खैरोंडी म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या मूठभर चुली. पण त्या गावाचा स्वतःचा संघ होता हो! भैरोबाच्या जत्रेत पंचांनी ‘खैरोंडी’ अशी हाक दिली, की म्हाताऱ्याकोताऱ्यांच्यासुद्धा माना ताठ व्हायच्या.

या संघाचा हुकमी गडी येसू गुरव. भैरोबाचा पुजारी. रोज पहाटे शंख फुंकून त्याचा दम असा वाढला होता, की तो चढाईला निघाला की बायका चुलीवर भात चढवायच्या आणि तो परतेपर्यंत भात शिजायचा, असं म्हणतात. हसा, हसा. भात खाल्लेली माणसं आता नाहीत, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं. येसूला मूल ना बाळ, बायकोही लवकर गेली. संघ हाच त्याचा संसार होता.

पुढे एक साल वाईट आलं. पोटासाठी निम्मे तरणे गडी मुंबईच्या गोदीत गेले. जत्रा तोंडावर आली आणि खैरोंडीत खेळणारे सहाच उरले. शेजारच्या मोठ्या सांगवण गावाच्या संघाचा म्होरक्या दादजी खोत. तो पंचांना म्हणाला, “यांचे सात गडी उभे राहत नाहीत. आमच्यात मिसळू द्या त्यांना. संघ एक, नाव सांगवणचं.” पंचांनी निवाडा दिला. खैरोंडीने सात उभे करावेत आणि सांगवणला हरवावं, नाहीतर यापुढे मैदानात खैरोंडीचं नाव घ्यायचं नाही.

येसूने खेळ सोडून कैक वर्षं झाली होती. खोकल्याने छाती पोखरलेली. पण गावाचं नाव जाणार म्हटल्यावर त्याला राहवेना. त्याने शंख देवापुढे ठेवला, कासोटा घट्ट खोवला आणि सातवा म्हणून जाऊन उभा राहिला.

खेळ सुरू झाला आणि खैरोंडीचे गडी एकेक करून बाद झाले. शेवटी एकटा येसू राहिला आणि समोर सांगवणचे सात. त्याने माती कपाळाला लावली आणि दम धरला. तेव्हा आभाळातल्या घारी जागच्या जागी थांबल्या, असं म्हणतात. एकाला शिवला, दुसऱ्याला शिवला. असे सहा झाले. शेवटी उरलेल्या दादजीला शिवला, तसा दादजीने त्याचा पायच धरला. येसू रेघेकडे सरपटू लागला. आवाज बारीक होत चालला.

खैरोंडीच्या लोकांना ते बघवेना. कुणीतरी त्याच्या सुरात सूर मिसळला, मग सगळ्यांनीच. अख्खं गाव हुतुतू म्हणू लागलं. डोंगर घुमला, आणि त्या गजरात येसूची बोटं रेघेला लागली.

गुलाल उधळला गेला. पंच मात्र हलेनात. “दम टिकला का तुटला, आम्हाला ऐकूच आलं नाही,” ते म्हणाले. “येसबा, तूच सांग. भैरोबाला स्मरून.”

येसूने आपल्या माणसांकडे पाहिलं. टिकला म्हटलं की झालं, गावाचं नाव राहणार होतं. पण रेघ हातभर लांब असताना छाती रिती झाली होती, हे त्याला ठाऊक होतं. तिथून पुढचा आवाज त्याचा नव्हता.

“तुटला,” तो म्हणाला. “पुढचा दम गावाचा होता.”

खैरोंडीच्या लोकांनी कपाळाला हात लावला. काहींनी तर त्याच्याकडे पाठ फिरवली. येसू मातीत बसून ढसाढसा रडला.

दादजीने त्याला हात धरून उठवलं. मग तो पंचांना म्हणाला, “हा गडी आपल्या तोंडाने बाद झाला. याच्या गावाचं नाव मी कुठल्या तोंडाने पुसू? यांनी यांच्या नावाने यावं. सहा आले तर आम्ही सहाच उतरू.”

येसू पुढची जत्रा बघायला राहिला नाही. पण खैरोंडीचा संघ अजून आहे. तिथे चढाई सुरू झाली, की अख्खं गाव ओठ मिटून बसतं. शिट्टी नाही, टाळी नाही. लेकरू रडलं, तर आई त्याला घेऊन लांब जाते. परगावच्यांना वाटतं, ही माणसं रुसलीत की काय. गडी रेघेला शिवला की मगच आरोळी उठते, आणि ती येसूच्या नावाने.

त्या दिवशी आपण गप्प बसलो असतो, तर येसूचा दम रेघेपर्यंत टिकला असता; आपला आवाज ऐकूनच त्याने तो सोडला, असं काही म्हातारे म्हणतात. खरं काय, ते खैरोंडीला कधीच कळलं नाही. म्हणून आता प्रत्येक गड्याचा दम ते शेवटपर्यंत ऐकतात.